कुलाब्याची नोंदवही आणि ऐरोलीतील आलेख

ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या संकुलांत आज ज्या संगणकीय उद्योगाचा वावर आहे, त्याला कालश्रेणीचे आलेख पडद्यावर उमटविण्याचे काम वारंवार करावे लागते. त्यासाठी जावास्क्रिप्टची कोणती लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा कोणता संग्रह, निवडावा हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः तो नोंदींच्या विश्वासार्हतेचा प्रश्न होय. आणि त्याचे मर्म जाणून घ्यावयाचे तर ठाण्याची खाडी ओलांडून कुलाब्याच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ साली झाली. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ उठले, तेव्हा तेथील निरीक्षकांनी उपकरणांची वाचने डोळ्यांनी पाहून हाताने लिहून ठेविली. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी हे निरीक्षणकार्य अलिबागेस नेण्यात आले व तेथील नोंदी १९०४ पासून सुरू झाल्या. जुन्या वह्या मात्र टिकल्या. त्यांच्याच आधारे त्सुरुतानी, लखिना प्रभृती संशोधकांनी २००३ साली असे दाखविले की, क्षितिजसमांतर चुंबकीय घटक त्या वेळी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. ही घसरण अल्पकाळ टिकली; तासाची सरासरी काढली की आलेखातील ती दरी बरीच उथळ होते.

हाच धोका आज पडद्यावर उद्भवतो. पडद्याच्या रुंदीत एक-दोन हजार ठिपके मावतात, तर श्रेणीत वाचने लाखोंनी असतात. साहजिकच काही गाळावे लागते, आणि ते कसे गाळावयाचे याविषयी प्रत्येक लायब्ररीची रीत निराळी आहे. २०११ साली आलेली डी३ हा निर्णय सर्वस्वी वापरणाऱ्यावर सोपविते. हायचार्ट्सच्या स्टॉक शाखेत बिंदू दाटले की त्यांचे गट पाडून रेषालेखात सरासरी दाखविण्याची योजना मुळातच आहे. ती बदलता येते, परंतु त्यासाठी ती ठाऊक असावी लागते. आइसलँड विद्यापीठात स्टाइनार्सन यांनी २०१३ च्या प्रबंधात त्रिकोणांच्या क्षेत्रफळावरून ठळक बिंदू राखण्याची रीत मांडली. ईचार्ट्समध्ये ती रीत, तसेच सरासरी, कमाल व किमान हे पर्यायही उपलब्ध आहेत.

तेव्हा वेग, देखणेपणा व परवान्याच्या अटी यांचा विचार अवश्य करावा. परंतु तत्पूर्वी एक साधी कसोटी लावावी. ज्यात एकच तीव्र घसरण आहे अशी ज्ञात श्रेणी घ्यावी. संपूर्ण आलेखात ती आपल्या खऱ्या खोलीनिशी दिसते काय, आणि तो भाग मोठा करून पाहता मूळ वाचने हाती येतात काय, हे तपासावे. १८५९ च्या निरीक्षकांनी केवळ सरासरी लिहिली असती, तर त्या वादळाचे खरे स्वरूप आपणांस कळले नसते. आलेख काढणाऱ्यावर आजही तीच जबाबदारी आहे.