लोखंडी नांगराचा जमाखर्च

मराठीत 'तास' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घड्याळातला, साठ मिनिटांचा. दुसरा नांगराचा, म्हणजे जमिनीत पडलेली रेघ. वेळ आणि पैसा कुठे गुंतवला म्हणजे हातून जास्त काम निघेल, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं, ते सगळं पहिल्या तासाबद्दल असतं. मी कृष्णाकाठच्या शेतकरी घरात वाढलो. आम्हाला दुसरा तास आधी कळला.

लाकडी नांगर बाभळीचा. गावचा सुतार तो करून द्यायचा, मोडला तर दुरुस्तही करायचा आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचा. रोख पैशाचा संबंधच नव्हता. पण काळ्या रानात हा नांगर ओढायला चार-चार, सहा-सहा बैल लागायचे. घरचे दोन असले तर बाकीचे सावडीनं आणायचे, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. तोवर जमिनीतली ओल उडून जायची, ढेकळं दगडासारखी व्हायची. एवढं करून हा नांगर माती उकरायचा, पलटायचा नाही. हरळीच्या आणि कुंद्याच्या मुळ्या खाली तशाच राहायच्या. त्या काढण्यात बायकामाणसांचे जे दिवस गेले, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही.

या मातीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर आणला. १८६९चा जन्म, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, तर काही रंग डोळ्यांना ओळखता येईनात. रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटनं धरली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. बढती डावलली गेल्यावर मुंबईची नोकरी सोडून ते पूर्णवेळ बेळगावात आले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर.

आणि नांगर विकला जाईना. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आमचे पणजोबाही त्यातलेच. आजी सांगायची, त्यांचं म्हणणं असे, "लोखंड जमीन की बरकत खाता." याला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडे एकच रान आणि एकच हंगाम, त्यानं नवी वस्तू आपल्या रानात का आजमावायची? चुकलं तर वर्षभर खायचं काय? कारखानदाराचे दोन नांगर फुकट गेले तर तो तिसरा करतो. कुणब्याचा एक हंगाम गेला तर सावकार दारात येतो. ती दोन वर्षं लक्ष्मणरावांनी गुंतवली खरी, पण शेतकऱ्यानंही तेवढाच काळ दुसऱ्याचं रान पाहण्यात गुंतवला होता. नांगरलेल्या रानात पीक कसं येतं हे बांधावरून पाहिलं, मगच हात कनवटीला गेला.

पुढं बेळगाव नगरपालिकेच्या हुकुमानं जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. बत्तीस एकर जागा, सगळीकडे निवडुंग आणि साप. १९१० साली तिथं वसाहत उभी राहिली आणि पुढं त्या स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. त्या काळी, आणि आजही, कुठला व्यवस्थापक हे करील?

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. एखाद्या कवीनं ही कल्पना लिहिली असती तर संपादकानं 'फार सोपी' म्हणून परत केली असती.

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून १९२६ साली परतला. मुलाला इतक्या दूर शिकायला पाठवणं हाही पैसा आणि वर्षं यांचाच व्यवहार. आम्हा लिहिणाऱ्यांना जवळचा व्यवहार मात्र वेगळा आहे. १९२० साली कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३०ला 'स्त्री' आलं. नांगराच्या माहितीबरोबर गावात कथा आणि लेख येऊ लागले. कारखान्याच्या हिशेबात हा खर्च जाहिरातीत पडला असेल. माझ्या मते त्या वाडीची सगळ्यात टिकाऊ गुंतवणूक हीच, कारण तिनं वाचणारी माणसं घडवली. हे मत पक्षपाती आहे, मी लेखणीचा माणूस!

आता खर्चाची बाजू. लोखंडी नांगराला रोख पैसे पडत. घासलेला फाळ बदलायचा तर पुन्हा रोख. मोठ्या शेतकऱ्यानं घेतला, लहानानं भाड्यानं आणला, म्हणजे पाळीसाठी थांबणं त्याच्या नशिबी राहिलंच. एक केलं, की एकाच नांगरटीत माती पलटली आणि हरळी उन्हात वाळली, एवढा वेळ त्याचाही वाचला. पण सुताराचं बलुतं आटलं. नांगर करायलाच नको, तर धान्य कशाचं द्यायचं?

यात एक गंमत आहे. ओतकामाला आधी साचा लागतो आणि तो साचा लाकडाचा असतो. लोखंडी नांगर ओतायचा तरी सुतार हवाच! आमच्या आळीतल्या सुताराच्या नातवाला असंच एका ओतशाळेत काम लागलं. दोन धाकटे भाऊ मात्र गावातच राहिले. दारं-खिडक्या, तिरडीचे बांबू, जे मिळेल ते करत. सुगीच्या दिवसांत त्यांची म्हातारी आई जुन्या सवयीनं सूप घेऊन खळ्यावर यायची. माझी आजी तिला पायली भरून जोंधळा द्यायची. पुढच्या पिढीत ते देणंही थांबलं आणि त्यानंतर आमच्या खळ्यावर कुणी सूप घेऊन आलं नाही.