दोन पत्रकांच्या सांध्यावरचे पुणे

पुण्याचा इतिहास बखरींतून, पेशवे दफ्तरातील रुमालांतून आणि वाड्यांच्या पडक्या जोत्यांवरून वाचण्याची परंपरा मोठी आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु हे नगर ज्या भूमीवर वसले तिचे उतार, तिचे ओढे आणि तिच्या टेकड्या यांची साक्ष काढावयाची झाली, तर भारतीय सर्वेक्षण विभागाने एका इंचास एक मैल या प्रमाणावर सिद्ध केलेल्या जुन्या स्थलदर्शक नकाशांकडेच वळावे लागते. ज्यांस पुण्याविषयी मनापासून ममत्व आहे त्यांनी हे नकाशे एकदा तरी पुढ्यात पसरून, पेठांची नावे क्षणभर विसरून, केवळ पाण्याच्या वाटा शोधीत वाचावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

असे वाचू जाता पहिलीच अडचण मोठी बोधक ठरते. १८ अंश ३० कलांची अक्षांशरेषा ही या नकाशांच्या पत्रकांची शीव असून ती शहराच्या दक्षिण अंगावरून जाते; त्यामुळे शनिवारवाडा, कसबा आणि मुठा नदीचा काठ ४७ एफ/१४ या पत्रकावर येतात, तर पर्वती, कात्रज आणि सिंहगड हे सारे ४७ एफ/१५ या दुसऱ्या पत्रकावर जाऊन पडतात. ज्याने पहिलेच पत्रक मिळविले, त्याच्या हाती शहर लागते खरे, पण त्या शहराचे पाणी लागत नाही. दोन्ही पत्रके शिवेवर नीट जुळवून ठेवली, की तपकिरी समोच्चरेषा कात्रजच्या डोंगरापासून उत्तरेकडे उतरत उतरत मुठेकडे येताना दिसतात, आणि नानासाहेब पेशव्यांनी पेठांसाठी पाणी आणण्याकरिता कात्रजच निवडले याचे कारण कोणत्याही कागदाचा आधार न घेता डोळ्यांना पटते. तेथे बांधलेल्या तलावांतून निघालेला दगडी नळ, वाटेत उच्छ्वासांतून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या मार्गांतून, दम घेत आणि गाळ टाकीत, केवळ उताराच्या बळावर शहरात पोहोचत असे व काळा हौद, नाना हौद यांसारखे हौद भरीत असे. मुठेपासून दूर वाढलेल्या सदाशिव पेठेसारख्या वस्तीचे जीवित या उतारावर अवलंबून होते. हुकूम आणि खजिना पेशव्यांचा असला, तरी पाण्याचा मार्ग भूमीने आधीच ठरवून ठेविला होता.

याच रेषांमध्ये आंबील ओढा आहे. कात्रजकडून निघून पर्वतीच्या पायथ्याशी येणारा हा ओढा पूर्वी शहरातून वाहत असे. नानासाहेबांनी त्यास बांध घालून पर्वतीखाली तळे केले व त्याचा प्रवाह पश्चिमेस वळवून मुठेस मिळविला; त्या तळ्यातील गणपती आज सारसबागेचा गणपती म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे, तळे मात्र उरलेले नाही. नकाशावर हे वळण स्पष्ट दिसते. उत्तरेकडे सरळ येणारा प्रवाह पर्वतीजवळ पश्चिमेस का वळतो, याचे समाधान नुसत्या चढउतारांनी होत नाही. तेथे मनुष्याचा हात लागला आहे, हे इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाच्या लगेच ध्यानी येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्यास पूर येऊन काठच्या वसाहतींच्या भिंती कोसळल्या आणि माणसे दगावली, तेव्हा अनेकांस तो ओढा प्रथमच दिसला असावा. जुन्या पत्रकांनी त्यास कधीही लपविलेले नव्हते.

एका सावधगिरीची येथे आवश्यकता आहे. पत्रकावर मुद्रणाचे वर्ष एक असते आणि प्रत्यक्ष मोजणीचे दुसरे. कित्येकदा मधल्या काळात लोहमार्ग किंवा सडक एवढीच नवी भर घालून जुनीच मोजणी पुन्हा छापली जाते. तेव्हा समासातील मजकूर वाचल्यावाचून कोणत्याही खुणेस तारीख देऊ नये. तसेच, हा नकाशा डोंगराची उंची आणि विहिरीची जागा सांगेल, पण जमिनीचे नंबर, हद्दी आणि क्षेत्र सांगणार नाही. त्यासाठी मौजेवार गावनकाशा, टिपण (प्रत्येक नंबराच्या मोजणीची नोंद) आणि आकारबंद (क्षेत्र व आकारणी यांची नोंद) यांकडे जावे लागते. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात आरंभिलेल्या महसुली मोजणीची ही परंपरा असून, तिची मोजणीची शंकुसाखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची, असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

या दोन परंपरा एकत्र ठेवल्या म्हणजे भांबुर्ड्याचे उदाहरण उलगडते. आज ज्यास शिवाजीनगर म्हणतात ते मुठेच्या पलीकडचे स्वतंत्र गाव होते. लोहमार्गावरचे स्थानकही पूर्वी भांबुर्डे याच नावाचे होते. जुन्या पत्रकावर मुठेच्या एका तीरास दाट पेठा आणि दुसऱ्या तीरास भांबुर्डे, एरंडवणे, कोथरूड अशी शेतांनी वेढलेली गावे दिसतात. महसुली दफ्तर त्यांचे शिवार, इनाम व हद्दी नंबरवार सांगते. आजच्या इमारतींच्या मिळकतींवरील सर्व्हे नंबरांचा माग काढीत गेल्यास तो पुष्कळदा याच गावांच्या मोजणीपर्यंत पोहोचतो, आणि मग नदीपलीकडचे पुणे हे पेठांचा विस्तार नसून शेजारच्या मौजांनी एकामागून एक शहरास दिलेली आपली शिवारे आहेत, असा निष्कर्ष निघतो.