मांडवीवरचे कॅसिनो आणि काठावरचे पोलीस

पणजीत मांडवीच्या काठी रोज संध्याकाळी जो पोलीस बंदोबस्त दिसतो त्याच्या मुळाशी जुगार रोखण्यासाठी केलेला एक कायदा आहे. ‘गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, 1976’ या कायद्याने सार्वजनिक जुगारघर, म्हणजे मालकाच्या फायद्यासाठी पत्ते, फासे वा तत्सम साधने जिथे ठेवली जातात अशी जागा, चालवणे आणि तिथे जाऊन खेळणे हे दोन्ही गुन्हे ठरवले, आणि जत्रेतल्या ‘गडगडा’ नावाच्या जुगारावर किंवा मटक्याचे आकडे घेणाऱ्या टपरीवर पोलीस आजही याच कायद्याखाली छापा घालतात. त्याच 1976 साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाना देऊन कर घेण्याचा कायदा संमत केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र बंदीच्या कायद्यातूनच वाट काढली गेली.

1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन, म्हणजे पैसे घालून खेळायची यंत्रे, ठेवण्यास मुभा मिळाली, तर 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या व रुलेटच्या टेबलांना मान्यता दिली. ही जहाजे खुल्या समुद्राऐवजी राजधानीसमोर मांडवीतच नांगरून पडली, आणि ती हलवण्याच्या घोषणा होत गेल्या तशा मुदतवाढीही मिळत गेल्या. परवाना देणारे गृह खाते, त्याच खात्याच्या अखत्यारीतले पोलीस, नौकेची सुरक्षितता पाहणारे बंदर कप्तान, अशी जबाबदारी वाटली गेल्याने पोलिसांकडे खेळापेक्षा खेळाभोवतीची गर्दीच अधिक आली. दयानंद बांदोडकर मार्गावर खोळंबणारी वाहने, धक्क्यावर छोट्या बोटीची वाट पाहणाऱ्या रांगा आणि त्या रांगांभोवती घिरट्या घालत ‘पॅकेज’ विकणारे दलाल, हे पणजी पोलिसांचे नित्याचे काम झाले. पर्यटकांना त्रास देणाऱ्या अशा दलालांसाठी 2001 मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि 2025 मध्ये त्यातील दंड 1 लाख रुपयांपर्यंत वाढवावा लागला, यावरून हा उपद्रव किती चिवट आहे ते कळते.

जुगार कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने कॅसिनोत केवळ पर्यटकांनाच प्रवेश देण्याची आणि त्यासाठी गेमिंग कमिशनर, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणारा अधिकारी, नेमण्याची तरतूद झाली, परंतु व्यावसायिक कर आयुक्तांकडे ते पद सोपवून गोमंतकीयांवरची बंदी प्रत्यक्षात लागू व्हायला 1 फेब्रुवारी 2020 उजाडला. स्वतःच्या रहिवाशांसाठी घातक ठरवलेली गोष्ट राज्याने शेजाऱ्यांसाठी खुली ठेवावी, हे न्याय्य म्हणता येत नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील मादन हिप्परग्यासारख्या गावी कर्नाटक पोलीस अधिनियम, 1963 खाली मटका लावणारा गुन्हेगार ठरतो, पण त्याच गावचा माणूस पणजीच्या धक्क्यावर परगावचे ओळखपत्र दाखवून उजळ माथ्याने बोटीत चढू शकतो.