मृदा-एंझाइमे व खाणींचे प्रदूषण

मृदेतील सूक्ष्मजीव, वनस्पतींची मुळे व लहान प्राणी यांच्यापासून उत्पन्न होणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारी प्रथिने) जैव अवशेषांचे विघटन घडवून आणतात. यूरिएजामुळे यूरियापासून अमोनिया तयार होतो, तर फॉस्फेटेजांमुळे कार्बनी संयुगांतील फॉस्फरस मुक्त होतो. या विक्रिया मंदावल्यास मृदेत पोषक द्रव्ये असूनही ती वनस्पतींना मिळत नाहीत.

मृदेत ऑक्सिडीकारक एंझाइमे असल्याचे ए. एफ. वुड्स यांनी १८९९ मध्ये नोंदविले. जे. बी. सम्नर यांनी १९२६ मध्ये यूरिएज स्फटिकरूपात मिळविले. एम. ए. तबाताबाई व जे. एम. ब्रेम्नर यांनी १९६९ मध्ये फॉस्फेटेजाच्या मापनाची सुटसुटीत पद्धत मांडली. त्यानंतर प्रदूषित मृदांच्या अशा परीक्षणास वेग आला.

तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम इ. धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू) एंझाइमातील गंधकयुक्त गटांशी बद्ध होतात आणि त्याची क्रिया थांबते. शिवाय सूक्ष्मजीवांची संख्या घटल्याने नवी एंझाइमेही कमी निर्माण होतात. खनिजांतील सल्फाइडांचे हवेत ऑक्सिडीभवन होऊन सल्फ्यूरिक अम्ल बनते. अम्लतेमुळे धातूंची विद्राव्यता व पर्यायाने त्यांची विषारी क्रिया वाढते. मृण्मय खनिजे व ह्यूमस (कुजलेला जैव पदार्थ) यांवर धातू धरून ठेवले गेल्यास हा परिणाम सौम्य होतो.

स्वीडनमधील गुसुम येथील जुन्या पितळ कारखान्याभोवतालच्या वनमृदांचा अभ्यास गेर्मुंड ट्यूलर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तांबे व जस्त यांचे प्रमाण जसजसे वाढत गेले, तसतशी यूरिएज व फॉस्फेटेज यांची क्रिया घटत गेल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेतील पामर्टन (पेनसिल्व्हेनिया) येथे १८९८ ते १९८० या काळात जस्त गाळले जात असे. तेथील डोंगरउतारांवरील झाडी नष्ट झाली आणि कुजण्याची क्रिया मंदावल्याने पालापाचोळा साचत राहिला.

स्पेनमधील सेव्हिल शहराजवळ आस्नाल्कोयार येथील खाणीच्या गाळसाठ्याचा बांध २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला. सु. ५० लाख घ. मी. अम्लयुक्त पाणी व गाळ ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात पसरून चार हजारांहून अधिक हेक्टर जमीन बाधित झाली. दोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळ प्रदेशासही धोका निर्माण झाला. गाळ यंत्रांनी खरवडून काढण्यात आला, तरी मृदेत त्याचा अंश राहिलाच. पुढे शर्कराकंदापासूनच्या साखर कारखान्यांतील चुनखडीयुक्त मळी व कंपोस्ट मिसळल्यावर अम्लता घटली आणि डीहायड्रोजनेज, बीटा-ग्लुकोसिडेज इ. एंझाइमांची क्रिया वाढली. शेतीस बंद झालेल्या या पट्ट्यात झाडे लावण्यात आली व २००३ मध्ये त्यास संरक्षित भूप्रदेशाचा दर्जा मिळाला.

एंझाइमक्रिया मृदेच्या आरोग्याची संवेदनशील निदर्शक असली, तरी तीवर ऋतू, ओलावा व जैव पदार्थांचे प्रमाण यांचाही प्रभाव पडतो. म्हणून जवळच्या अप्रदूषित मृदेशी तुलना आवश्यक असते. डीहायड्रोजनेजाच्या मापनात तयार होणारा लाल रंग तांब्यामुळे फिका पडून निष्कर्ष चुकू शकतो. एंझाइमक्रिया सुधारली म्हणजे धातू नाहीसे झाले, असेही नव्हे. चुन्याने ते केवळ अविद्राव्य होतात. मृदा पुन्हा अम्लीय झाल्यास ते पुन्हा मोकळे होतात. त्यामुळे अशा जमिनींची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवावी लागते.