वहीचे वर्ष आणि सरकारचे वर्ष

दिवाळीच्या पाडव्याला लाल कापडी बांधणीची नवी वही उघडावयाची, पहिल्या पानावर 'श्री' काढावयाचा, हळदकुंकू वाहावयाचे आणि मगच पहिली रक्कम लिहावयाची, हा परिपाठ आमच्या देगलूरच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आमच्या आजोबांचे किराण्याचे दुकान होते. त्यांच्या कीर्दी आणि खतावण्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. शाळेला सुट्टी लागली म्हणजे मी त्या काढून बसतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जमाखर्चात कसली गोडी, असे घरात विचारतात. त्यांना काय सांगावे! देगलूरवरून किती सरकारे गेली, हे मला या वह्यांनी शिकविले.

निजामाच्या अमदानीत सरकारी वर्ष फसली. त्याचा पहिला महिना आझूर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागे. म्हणजे सरकारचे वर्ष आणि दुकानदाराचे वर्ष थोड्याच दिवसांच्या अंतराने उजाडे. सरकारी कागद उर्दूत, वही मराठीत; नाणे हाली, पण बाहेरून माल आणावयाचा तर कलदार मोजावे लागत. शंभर कलदारांना सुमारे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. शिवाय संस्थानात येणाऱ्या मालावर करोडगिरी होतीच. हे सारे आजोबा तोंडी करीत. निदान वर्षाचा घोळ तरी त्यांच्या डोक्याला नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, निजामी राजवट संपली. १ एप्रिल १९५० पासून भारतीय प्राप्तिकराचा कायदा हैदराबाद राज्याला लागू झाला. त्याच वर्षी हैदराबादचा विक्रीकरही आला. स्वातंत्र्य आले याचा आनंद मोठा होताच, पण त्याच्यासंगे एप्रिल ते मार्च हे वर्षही आले! प्राप्तिकराच्या कायद्याने दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवण्याची मुभा दिली होती. विक्रीकराची बेरीज मात्र मार्चअखेर. म्हणून फाल्गुनात आजोबा कीर्दीतल्या पानांना दोऱ्याच्या खुणा घालीत, आणि आजी दिवाणखान्यात पोरांना फिरकू देत नसे. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नये पैसे आले. त्या सालची वही पाहावी. समासात नुसती भागाकारांची गर्दी आहे. एका आण्याचे सहा की सव्वासहा, हा वाद गिऱ्हाइकांशी रोजचाच असणार.

पण खरा घाव त्याच्या आधीच बसला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. देगलूर तालुका मुंबई राज्यात आला. त्याच तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे मात्र आंध्र प्रदेशात गेली. कालपर्यंत तालुक्यातलाच असलेला बिचकुंद्याचा व्यापारी एका रात्रीत परराज्यातला झाला. त्याला पाठविलेला माल आता आंतरराज्य विक्री. केंद्रीय विक्रीकराचा कायदाही त्याच वर्षीचा. खरेदीदाराकडून 'सी' फॉर्म आला तर सवलतीचा दर; नाही आला तर वाढीव कर विकणाऱ्याच्या माथी.

बिचकुंद्याच्या एका जुन्या स्नेह्याकडून साठीच्या दशकात असा फॉर्म आलाच नाही. आजोबांनी दोनदा माणूस धाडला. शेवटी फरकाची रक्कम स्वतःच्या गाठीची भरली. त्या दिवाळीत आजीच्या पाटल्या अंगावर नव्हत्या, एवढे वडील सांगत. स्नेह्याला आजोबा पुढे बोलले नाहीत. मला वाटते, त्यांनी बोलावयास हवे होते. मैत्री राहिली, पण पाटल्या परत आल्या नाहीत.

दिवाळीच्या वर्षाची मुभा १९८९ साली संपली. ३१ मार्च ही सर्वांची एकच तारीख ठरली. आदल्या दिवाळीची जुळवणी करताना कित्येकांचे ते एक वर्ष सतरा महिन्यांचे झाले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि 'सी' फॉर्म किराण्यातून गेला. आता दुकान चुलतभाऊ पाहतो. त्याने लहान व्यापाऱ्यांची कंपोझिशन योजना घेतली आहे. कर थोडा, कागद थोडे. मात्र ती घेणाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. बिचकुंदा आता तेलंगणात. तिथून मागणी आली की तो हात जोडतो.

पाडव्याला तो अजूनही लाल वही पुजतो. सरकारच्या लेखी तोवर वर्ष निम्मे सरलेले असते. पेटीतल्या खतावणीत त्या स्नेह्याचे पान आहे. फरकाच्या रकमेपुढे 'येणे बाकी' असे लिहिलेले, आणि दर दिवाळीला नव्या वहीत ओढलेले. अकरा वह्यांपर्यंत मी ती रक्कम शोधून काढली. बाराव्या वहीत ते नाव आहे, रकमेची जागा कोरी आहे.