स्लोचा पेच

इंजिन चालू आहे आणि गाडी जागेवर उभी आहे, या अवस्थेला आपल्या गॅरेजांत ‘स्लो’ म्हणतात. ‘गाडी स्लोला बंद पडते’, ‘स्लो जरा वाढवून द्या’, ‘स्लो बसत नाही’ ही वाक्ये सोलापुरात होटगी रस्त्यापासून अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीपर्यंत कुठेही ऐकू येतात. बोलणारा मराठी असो, तेलुगू असो, कानडी असो की दखनी. इंग्रजीतल्या ‘आयडल’चे आमच्याकडे ‘आयडियल’ होते. शब्द चुकीचा आहे खरा, पण मला तो पटतो. चौकात उभी असलेली गाडी न थरथरता, आवाज न चढवता चालू राहावी, ही आदर्श स्थितीच म्हणायची.

मी अभियंता नाही. गेली वीस-बावीस वर्षे सोलापूरच्या गिरण्यांचे जुने कागद, अहवाल आणि माणसांच्या आठवणी जमवतो आहे, तेही नोकरी सांभाळून आणि कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का नसताना. मोटारीच्या इतिहासाकडे वळायचे काही कारण नव्हते. कारण घडले ते माझ्या २००३ सालच्या पेट्रोल गाडीमुळे. एका पावसाळ्यानंतर ती सात रस्त्याच्या सिग्नलला विचित्र वागू लागली. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, मग एकदम पडायचा, पुन्हा चढायचा. शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे असा पाहायचा, जणू मीच रेस करून त्याला डिवचतो आहे.

एका गॅरेजात संगणक लावून पाहिले, कोणताही कोड आला नाही. तरी दोन सेन्सर बदलले गेले, बिल झाले, आवाज तसाच राहिला. मग मी माझ्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझ्या पहिल्या, कार्बोरेटरच्या गाडीचा स्लो ते काडेपेटीएवढ्या स्क्रूड्रायव्हरने, डोळे मिटून, कानाने बसवायचे. त्यांनी बॉनेट उघडले, थ्रॉटल बॉडी साफ केली, आणि मीच म्हणालो, “चाचा, तो स्क्रू थोडा फिरवून बघा की.” थ्रॉटलच्या कडेला रंगाच्या ठिपक्याने बंद केलेला एक बारीक स्क्रू होता. त्यांनी मान हलवली. “साहेब, रंग लावलाय म्हणजे हात लावू नको असं सांगितलंय कंपनीनं.” मी आग्रह धरला. त्यांनी अर्धा आटा फिरवला आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त बिघडली.

हा स्क्रू आमच्या हातून का काढून घेतला गेला असावा, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. पुढची दोन वर्षे हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि जुन्या सरकारी राजपत्रांत मी जे शोधत होतो, ते याचेच उत्तर होते.

सुरुवात मोटारीच्याही आधी करावी लागते. यंत्राने स्वतःचा वेग स्वतः सांभाळावा, ही कल्पना जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या गव्हर्नरने प्रत्यक्षात आणली. दोन लोखंडी गोळे गरगर फिरतात. वेग वाढला की बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटवतात, वेग कमी झाला की खाली येतात आणि झडप उघडते. आपल्या जुन्या गिरणीचा जन्म १८७७ चा. सूतगिरणीत वेग हलला की धागा तुटतो, त्यामुळे गव्हर्नर ही तिथे चैनीची वस्तू नव्हती. पण गव्हर्नरचाही एक रोग असे. झडप जरा उशिरा मिटायची, जरा उशिरा उघडायची, आणि इंजिन स्थिर होण्याऐवजी वरखाली झुलत राहायचे. इंजिनिअर लोक याला ‘हंटिंग’ म्हणत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये या गव्हर्नरांच्या गणितावर एक निबंधच लिहिला. सात रस्त्याच्या सिग्नलला माझी गाडी करत होती ते हेच हंटिंग. गिरणीचे कागद चाळण्यात इतकी वर्षे गेलेल्या माणसाला हे कळायला गॅरेजात जावे लागले, याची गंमत वाटते.

कार्बोरेटरला असा गव्हर्नर नव्हता. त्याचा गव्हर्नर म्हणजे मिस्त्री. थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असताना मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जात नाही. म्हणून स्लो जेटची एक वेगळी बारीक वाट असते, आणि तिच्यातून किती मिश्रण जायचे ते एक टोकदार स्क्रू ठरवतो. स्क्रू सोडला की पेट्रोल जास्त, इंजिन गुळगुळीत. आवळला की पेट्रोल कमी, इंजिन थरथरते. शिवाय थ्रॉटल किती उघडा ठेवायचा याचा दुसरा स्क्रू. या दोन स्क्रूंमध्ये गॅरेजची निम्मी विद्या होती असे म्हटले तर जुने मिस्त्री नाही म्हणणार नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, तेव्हा पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाड्या अडत. अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके टाकणारी माणसे मी नव्या पेठेत पाहिली आहेत.

कायदा इथे आला तो नेमका या स्लोच्याच दारातून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला ११५ वा नियम सांगत होता की, पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकीच्या धुरात, इंजिन स्लोवर असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त नसावा. दुचाकी-तीनचाकीसाठी मर्यादा ४.५ टक्के होती. स्लोवरच का? कारण तेच मोजणे सोपे. धावत्या गाडीचा धूर मोजायचा तर रोलरचे यंत्र, प्रयोगशाळा, पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था लागते. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायला रस्त्याकडेची टपरी पुरते. अशा तऱ्हेने देशातल्या कोट्यवधी गाड्यांची स्वच्छता त्यांच्या सर्वांत निवांत क्षणावर ठरू लागली.

आणि तो क्षण तर आमच्या स्क्रूच्या ताब्यात होता! पीयूसी काढायच्या आधी अर्धा-पाऊण आटा आवळायचा, गाडी थरथरत का होईना आकडा पास करते. कागद खिशात पडला की परत सोडायचा. हे गुपित नव्हते. मीही माझ्या पहिल्या गाडीला दोनदा केले आहे, आणि तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते.

ही पळवाट बुजली ती मात्र तिच्यावर पाळत ठेवून नव्हे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. या कन्व्हर्टरच्या दोन अटी असतात. पहिली, पेट्रोलमध्ये शिसे नको. शिसे असलेल्या पेट्रोलवर गाडी चालली की कन्व्हर्टर निकामी होतो. शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. दुसरी अट कार्बोरेटरला जड जाणारी. विषारी वायूंचे तिहेरी शुद्धीकरण व्हायचे तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. कान कितीही तयार असला तरी प्रत्येक क्षणाला हे प्रमाण राखणे स्क्रूड्रायव्हरला शक्य नाही. त्यासाठी धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर हवा, त्यावरून हिशेब करणारी पेटी हवी, आणि तिच्या हुकमाने हजारांश सेकंदापुरते उघडणारे इंजेक्टर हवेत. बॉशने विजेच्या नियंत्रणाखालची अशी यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आणली होती आणि तिच्यामागेही अमेरिकेतले धुराचे कायदेच होते. प्राणवायूचा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोने बसवला. आपल्याकडे ती वेळ आली सर्वोच्च न्यायालयाच्या २९ एप्रिल १९९९ च्या आदेशाने. राजधानी परिसरात १ एप्रिल २००० पासून खासगी गाड्यांना युरो-दोनची पातळी गाठणे भाग पडले, आणि १९८३ पासून कार्बोरेटरवर धावणारी मारुती ८०० सुद्धा २००० च्या सुमारास एमपीएफआय झाली. दिल्लीसाठी वेगळी आणि सोलापूरसाठी वेगळी गाडी कायमची बनवणे कोणत्याच कारखान्याला परवडणारे नव्हते. आमचा स्क्रू गेला तो असा, दिल्लीच्या हवेपायी.

निदान मला तसे वाटत होते. मग २००३ चा एक संदर्भ हाती लागला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. त्याच खटल्यात, ऑगस्ट २००३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या बारीक धुळीमुळे चिंताजनक ठरलेल्या ज्या शहरांना कृती आराखडे करायला सांगितले, त्यांत अहमदाबाद, कानपूर, लखनौ, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद यांच्या पंगतीत एक नाव होते सोलापूर. म्हणजे आम्ही केवळ दिल्लीचे झेललेले नव्हतो. डॉ. रघुनाथ माशेलकर समितीच्या वाहन-इंधन अहवालात कडक निकषांसाठी जी अकरा शहरे होती, त्यांत सोलापूर नव्हते. पण १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज-चार तेरा शहरांत लागू झाले तेव्हा लखनौबरोबर सोलापूरही यादीत होते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि आपण. नागपूर नाही, नाशिक नाही. त्या दिवसापासून शहरातल्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भाग, आणि यादीबाहेरच्या पंपांवर १५० भाग, असा कागदावरचा हिशेब झाला.

सोलापूरकरांना याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला ठरवता आलेले नाही. एवढे मात्र म्हणेन की इलाज आणि रोग यांची गाठ नीट पडली नव्हती. सात रस्ता आणि वालचंद तंत्रज्ञान संस्थेच्या आवारातली हवामापन केंद्रे मोजत होती ती धूळ. पेट्रोल इंजिनाच्या स्लोवर मोजतात तो कार्बन मोनॉक्साइड. रस्त्याच्या कडेची उघडी माती, खोदून ठेवलेले चर, जड वाहतुकीचा डिझेल धूर यांना माझ्या गाडीतल्या इंजेक्टरची फिकीर नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही सोलापूर आहेच.

कायद्याने आकडा मात्र आवळला. १ ऑक्टोबर २००४ पासून जुन्या चारचाकींना ३ टक्केच राहिले, पण भारत स्टेज-दोन आणि पुढच्या गाड्यांना मर्यादा आली ०.५ टक्का. कार्बोरेटरचा स्क्रू कितीही आवळला तरी इथे पोचणे कठीण. धडधाकट एमपीएफआय गाडी मात्र काहीही न करता त्याच्या कितीतरी खाली असते.

आता माझ्या गाडीकडे येतो, कारण वरचा सगळा इतिहास तिच्या एका नळीत अडकला होता. एमपीएफआयमध्ये थ्रॉटल मिटलेला असताना हवा बाजूच्या बारीक वाटेने जाते आणि त्या वाटेवर एक झडप बसलेली असते. वॉटच्या गोळ्यांचे काम तीच करते, फक्त हुकूम पेटीचा असतो. एसी लावला, दिवे लावले की ती थोडी उघडते. तिच्यात काजळी बसली की गाडी स्लोला बंद पडते, हा जुन्या गाड्यांचा सर्वांत साधा रोग. चाचांनी थ्रॉटल बॉडी साफ केली ती म्हणूनच. माझ्या गाडीचा रोग उलटा होता. कुठून तरी परवानगीशिवाय हवा आत येत होती. माझ्या गाडीसारख्या यंत्रणा आत आलेली हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज करतात. चोरट्या हवेने दाब वाढतो, पेटी इमानाने तेवढे पेट्रोल देते आणि इंजिन चढते. थ्रॉटल तर मिटलेला आहे. मग पेटीला वाटते गाडी उतारावर आहे, आणि ती पेट्रोल तोडते. आवाज पडतो. पेट्रोल परत सुरू होते, आवाज चढतो. प्रत्येक सेन्सर आपापल्या जागी खरेच सांगत असल्यामुळे कोड येण्याचे कारणच नव्हते.

आणि मी आग्रहाने फिरवायला लावलेला तो रंगाचा स्क्रू? तो थ्रॉटल पूर्ण मिटू नये म्हणून कारखान्यात बसवलेला टेका होता. तो फिरवल्याने आणखी हवा आत आली, शिवाय थ्रॉटलच्या सेन्सरला ‘मिटले’ ही खूणच मिळेना. चाचांनी आधी तो मीटर लावून जागेवर आणला, त्याला तासभर गेला. मग इंजिन चालू ठेवून एकेक रबरी नळी पकडीने हलकेच दाबत गेले. झडपांच्या झाकणाकडून मॅनिफोल्डला येणारी नळी दाबली आणि आवाज एकदम खाली बसला. नळी काढून वाकवली तर खालच्या अंगाला बोटभर चीर. वरून दिसत नव्हती. रबर इतके कडक झाले होते की नखाने तुकडा पडला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती महाराष्ट्रात जानेवारी २००३ पासूनची आणि आता प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. जुन्या गाड्यांचे रबर त्याला सोसत नाही असे गॅरेजांत सर्रास बोलतात. ही नळी मात्र तेलाच्या वाफेची. तिला मारले वीस वर्षांच्या उष्णतेने. इथेनॉल आमच्याच जिल्ह्याच्या उसाचे असल्यामुळे मी पक्षपात करतो असे कोणी म्हणू नये.

नवी नळी दीडशे रुपयांना मिळाली. आधी बदललेल्या सेन्सरांचा आकडा इथे लिहीत नाही, घरी हा अंक वाचला जातो.

चाचांकडे एक जुना डालड्याचा डबा आहे. त्यात कार्बोरेटरांचे स्लो स्क्रू, जेट, पितळी सुया. मी संशोधनासाठी म्हणून तो मागितला. त्यांनी झाकण उघडून हात फिरवला, एक सुई उचलून उजेडात धरली, टोकाला पडलेला खड्डा मला दाखवला. “ही जास्त आवळून खराब झालेली. पीयूसीवाल्यांची,” ते म्हणाले, आणि ती तेवढी मला दिली. डबा त्यांनी परत फळीवर ठेवला; अजून दोन गिऱ्हाइके कार्बोरेटरची आहेत म्हणे.

त्याच आठवड्यात पीयूसी काढली. कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के.