सॉफ्टवेअरचा संदर्भनिर्देश, वैज्ञानिक लेखनातील

शोधनिबंधातील निष्कर्ष ज्या संगणकीय प्रणालीच्या साहाय्याने काढले, तिचे नाव, कर्ते, आवृत्ती व मिळण्याचे ठिकाण ग्रंथ-लेखांप्रमाणेच संदर्भसूचीत नोंदवण्याची पद्धत. मजकुरात नुसते नाव घेणे किंवा शेवटी आभार मानणे एवढ्याने ही नोंद पुरी होत नाही.

गरज : उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसराला वारंवार धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ परिमाणाचा धक्का नोंदला गेला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी तेथे भूकंपमापक बसवले. हे यंत्र जमिनीची हालचाल तेवढी टिपते; भूकंपाचे केंद्र कोठे व किती खोल, हे प्राथमिक व दुय्यम तरंग कोणत्या ठाण्यावर केव्हा पोहोचले यावरून गणिताने काढावे लागते. गणिताची पद्धत किंवा खडकांतील तरंगवेगाचे प्रतिमान बदलले की त्याच धक्क्याची खोली बदलू शकते. ठाणी मोजकी वा दूर असल्यास खोली ठरावीक आकड्यावर स्थिर ठेवली जाते. हे सांगितले नाही, तर वाचक गृहीत धरलेला आकडा मोजलेला समजतो.

अशा कामासाठी नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाशी निगडित ‘सायसॅन’ ही प्रणाली प्रचलित आहे. वाल्डहाउझर व एल्सवर्थ यांच्या २०००च्या निबंधातील पद्धतीवर आधारलेली ‘हायपो-डीडी’ शेजारशेजारच्या धक्क्यांची परस्परसापेक्ष जागा नव्याने ठरवते. त्यामुळे नकाशावर विखुरलेले बिंदू एखाद्या प्रस्तरभंगाच्या रेषेवर एकवटलेले दिसू शकतात. म्हणून ‘संगणकाने विश्लेषण केले’ या वाक्याला शास्त्रीय मोल नाही.

घटक : ‘फोर्स-११’ या गटाने २०१६ मध्ये सहा तत्त्वे मांडली : महत्त्व, श्रेय, एकमेव ओळख, टिकाऊपणा, उपलब्धता व नेमकेपणा. त्यांनुसार नोंदीत कर्ते, प्रणालीचे नाव, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक किंवा संग्रह आणि डीओआय हा कायम क्रमांक असावा. डीओआय नसल्यास अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता व तो पाहिल्याची तारीख देतात.

मांडणी : प्रणालीचा परिचय देणारा निबंध आणि प्रत्यक्ष वापरलेली आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शक्य तेथे दोहोंचा निर्देश करतात. नकाशे काढण्याच्या ‘जीएमटी’च्या सहाव्या आवृत्तीवर वेसल व सहकाऱ्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो उद्धृत केला, तरी आपण ६.० वापरली की ६.४, हे लिहावेच लागते. काही प्रणालींसोबत ‘सायटेशन डॉट सीएफएफ’ ही फाइल असते. कर्त्यांना कोणता संदर्भ अपेक्षित आहे, ते तिच्यात दिलेले असते. मॅटलॅबसारख्या विकतच्या प्रणालीसाठी कंपनी व आवृत्ती नोंदवतात. निष्कर्षावर परिणाम न करणाऱ्या शब्दप्रक्रियकाची नोंद करत नाहीत.

स्वतःचे प्रोग्राम : संशोधकाने स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रामही उद्धृत करता येतो. प्रोग्राम ठेवण्याच्या ‘गिटहब’ या संकेतस्थळावरील मजकूर बदलतो किंवा काढला जातो. म्हणून वापरलेली प्रत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘झेनोडो’सारख्या संग्रहात ठेवून तिचा डीओआय घेतात.

मर्यादा : संदर्भावरून प्रणाली ओळखता येते, तिचा वापर कसा झाला हे कळत नाही. डहाणूच्या धक्क्यांची खोली पुन्हा काढून पाहायची, तर तरंगवेगाचे प्रतिमान, निवडलेली ठाणी व स्थिर ठेवलेले आकडेही लागतात. त्यांची जागा संदर्भसूचीत नसून निबंधाच्या पद्धती-विभागात असते.